आवाज बसतो तेव्हा

(सभासद व विद्यार्थी यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



मला दिलेला विषय आहे, आवाज बसण्याची कारणे व त्यावरील घरगुती उपचार. प्रथमच सांगतो की मी डॉक्टर नाही. कला शाखेचा पदवीधर असून बँकेत काउंटरवर काम करतो. काचेपलीकडच्या माणसाला 'इथे सही करा, तिथे तारीख घाला' असे दिवसभर मोठ्याने सांगावे लागते, त्यामुळे या दुखण्याशी माझी जुनी ओळख आहे. त्या ओळखीपोटी वाचन झाले, कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना प्रश्न विचारणे झाले. त्यातून जे कळले तेवढेच आपल्यासमोर मांडतो.

१६ एप्रिल हा दिवस जगभर आवाज दिन म्हणून पाळतात. १९९९ साली ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी तो सुरू केला. आपल्याकडे १४ एप्रिलची जयंती झाली की बरोबर दोन दिवसांनी तो येतो, आणि त्या दिवशी आपल्यातल्या निम्म्या मंडळींचे आवाज बसलेले असतात! वक्ते, गायक, घोषणा देणारी मुले, पंगतीची व्यवस्था पाहणारे, सगळेच. तेव्हा हा विषय इथे मांडणे अस्थानी होणार नाही असे वाटते.

आपण 'घसा बसला' असे म्हणतो. वास्तविक घसा बसत नाही, आवाज बसतो. तोंड उघडून आरशात दिसतो तो घसा. आवाज निर्माण होतो तो त्याच्याही खाली, पुरुषांच्या गळ्यावर जो उंचवटा दिसतो त्याच्या आत. तिथे श्वासनलिकेच्या तोंडाशी स्वरयंत्र आहे आणि त्यात दोन स्वरतंतू आहेत. तंतू म्हटले की तंबोऱ्याच्या तारा डोळ्यांपुढे येतात, पण तसे ते नाहीत. ओठांसारख्या त्या दोन मऊ घड्या आहेत, मोठ्या माणसात जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर लांबीच्या. श्वास घेताना त्या दूर होतात, बोलताना जवळ येतात, आणि फुप्फुसातून वर येणाऱ्या हवेने थरथरतात.

किती थरथरतात? पुरुष साधे बोलत असताना सेकंदाला शंभराच्या वर, स्त्री बोलत असताना सुमारे दोनशे वेळा. बँकेतला माणूस असल्याने हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. एखाद्या शिक्षिकेच्या दिवसभराच्या बोलण्यातला निव्वळ आवाजाचा वेळ एक तास धरला, तरी त्या दोन घड्या एकमेकींवर ७ लाख २० हजार वेळा आपटतात. आपले तळहात इतक्या वेळा एकमेकांवर आपटले तर काय होईल, विचार करा. निसर्गाने या घड्यांवर पातळ ओलावा ठेवला आहे म्हणून त्या टिकतात. तो ओलावा कमी झाला, किंवा घड्यांना सूज आली, की त्या जड होतात, नीट मिटत नाहीत, मधून हवा निसटते. आवाज घोगरा होतो, फाटतो, काही वेळा अजिबात निघत नाही. स्वरयंत्राची ही सूज म्हणजेच स्वरयंत्रदाह.

जिवंत माणसाचे हे यंत्र आरशात नीट पाहून त्याचे वर्णन जगापुढे ठेवले ते एका गायन-शिक्षकाने. मॅन्युएल गार्सिया त्यांचे नाव. १८५४ साली त्यांनी दातांच्या डॉक्टरकडचा छोटा आरसा स्वतःच्या घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडले आणि स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. पुढे हे गृहस्थ १०१ वर्षे जगले. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावे, वैद्यकशास्त्राला एक दार गाणे शिकवणाऱ्या माणसाने उघडून दिले आहे.

आता कारणांकडे वळू. अचानक आवाज बसतो तो बहुतेक वेळा सर्दी-पडशाच्या विषाणूंमुळे. आधी नाक वाहते, अंग मोडून येते, मग आवाज जातो. आठ-दहा दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत हे आपोआप बरे होते. विषाणूंवर अँटिबायोटिक गोळ्यांचा काही उपयोग होत नाही. तरीही औषधाच्या दुकानात जाऊन 'घसा बसलाय, दोन कॅपसूल द्या' असे सांगण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. पैसे जातात, पोट बिघडते, आणि आवाज जेव्हा यायचा तेव्हाच येतो. श्रेय मात्र कॅपसूलला मिळते.

दुसरे कारण म्हणजे ओरडणे. माणूस ओरडतो ते बहुधा गोंगाटामुळे, आणि आपण ओरडतो आहोत हे त्याला कळतही नाही. भोवती आवाज वाढला की आपला आवाज नकळत चढतो. एतिएन लोंबार्ड नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली ही गोष्ट मांडली, आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मिरवणुकीत कर्ण्याशेजारी उभे राहून दोन तास गप्पा मारणारा माणूस दुसऱ्या दिवशी म्हणतो, 'मी तर एकही घोषणा दिली नाही, मग माझा आवाज का बसला?' त्याचे उत्तर हे आहे. आपल्या गायक मंडळींचेही तेच. वाद्ये इतकी मोठी लावतात की गायकाला स्वतःचा स्वर ऐकू येत नाही, मग तो ताणून गातो. माईक तोंडापासून चार बोटांवर असावा आणि आपला आवाज आपल्याला ऐकू येईल असा एक स्पीकर गायकाच्या दिशेने असावा, एवढी व्यवस्था केली तरी पुष्कळ काम होते. शिक्षक-शिक्षिकांनी साठ-सत्तर मुलांच्या वर्गात गळ्यात अडकवायचा छोटा माईक वापरला तर त्यात लाजण्यासारखे काही नाही.

तिसरे कारण पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ते पोटातले आहे. रात्री उशिरा भरपेट जेवून लगेच आडवे झाले की जठरातले आम्ल वर घशापर्यंत येते आणि स्वरयंत्राच्या मागच्या भागाला पोळते. अशा माणसाचा आवाज सकाळी जास्त घोगरा असतो, घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते, आणि तो सारखा खाकरतो. छातीत जळजळ होतेच असे नाही. याला मधाचे चाटण पुरत नाही. झोपण्यापूर्वी तीन तास जेवण उरकावे आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली एकेक वीट ठेवावी. नुसत्या उशा वाढवल्या तर मान वाकते आणि पोट दाबले जाते. आवाजासाठी म्हणून रात्री पेलाभर हळदीचे दूध पिऊन लगेच झोपणारे लोक आहेत. ज्यांना आम्लाचा त्रास आहे त्यांनी ते दूध संध्याकाळीच घ्यावे हे बरे.

याखेरीज खडूची आणि सिमेंटची धूळ, रंगाचे वास, एसीची कोरडी हवा, मद्य, आणि विडी-सिगारेट. विडीकडे मी नंतर येणार आहे, कारण या भाषणाचा निम्मा हेतू तोच आहे. दम्यासाठी पंपाने औषध ओढणाऱ्यांचाही आवाज कधी कधी बसतो. त्यांनी औषध घेतल्यावर पाण्याने खळखळून चूळ भरावी, गुळण्या कराव्यात. स्वतःच्या मनाने पंप मात्र बंद करू नये.

विद्यार्थ्यांपैकी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना एक सांगतो. या वयात स्वरयंत्र झपाट्याने वाढते, म्हणून आवाज मध्येच फुटतो, मध्येच चिरकतो. हा आजार नव्हे. त्यावरून कोणी हसले तर हसू द्यावे.

आता घरगुती उपचार. इथे एक मुद्दा पक्का समजून घेतला तर बाकीचे सगळे आपोआप उलगडते. आपण जे गिळतो ते स्वरतंतूंना लागत नाही. अन्ननलिका मागे आहे, श्वासनलिका पुढे आहे, आणि घास गिळताना स्वरयंत्रावर झाकण पडते. पाण्याचा एक थेंब चुकून तिकडे गेला तर काय होते? जोराचा ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येते. म्हणजे मध, आल्याचा रस, लवंग, काढा यातले काहीही स्वरतंतूंवर खरोखर पडले असते, तर आपण ठसकून बेजार झालो असतो. गुळण्यांचेही तसेच. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ, घसा दुखत असेल तर चांगला आराम देतात. पण त्या पाण्याची मजल पडजिभेच्या आसपासच संपते. स्वरतंतू त्याच्या खाली राहतात.

मग आजीबाईच्या बटव्यातले सगळे खोटे का? तसे मी म्हणणार नाही. मधाने खोकल्याची ढास कमी होते, आणि ढास कमी झाली की स्वरतंतूंवरचे आपटणे कमी होते. खडीसाखर, ज्येष्ठमध तोंडात धरले की लाळ सुटते, गिळले जाते, खाकरण्याची इच्छा मरते. हा फायदा खरा आहे, फक्त तो आडवाटेने होतो. दोन पथ्ये मात्र पाळावीत. एक वर्षाच्या आतील बाळाला मध अजिबात चाटवू नये, त्यातून क्वचित जीवघेणी विषबाधा होते. आणि रक्तदाब असलेल्यांनी ज्येष्ठमध दिवसच्या दिवस चघळू नये, त्याने रक्तदाब वाढतो व शरीरातले पोटॅशियम कमी होते. जयंतीच्या काळात खिशात ज्येष्ठमधाच्या काड्या बाळगणारे आमचे ज्येष्ठ सभासद आहेत, त्यांनी हे मनावर घ्यावे.

स्वरतंतूंपर्यंत खरोखर पोचते ती हवा. म्हणून वाफ. साध्या पाण्याची, पाच ते दहा मिनिटे, दिवसातून दोन-तीन वेळा. त्यात बाम किंवा निलगिरीचे तेल टाकलेच पाहिजे असे नाही, उग्र वासाने काहींचा घसा उलट कोरडा पडतो. उकळते पातेले मांडीवर किंवा गादीवर घेऊन बसू नये, टेबलावर स्थिर ठेवावे आणि लहान मुलांना त्याच्याजवळ बसवू नये. वाफ घेताना पातेले कलंडून मुले भाजल्याच्या घटना होत असतात. सर्दी जाण्याच्या नादात असे संकट ओढवून घेण्यात काय अर्थ?

पाणी पिण्याचा फायदा हळू होतो पण नक्की होतो. शरीरात पाणी पुरेसे असले की आतला ओलावा टिकतो. दिवसभर थोडे थोडे प्यावे, लघवी फिकट रंगाची होईल इतके. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांनी ठरवून दिलेले प्रमाण सोडू नये. सर्दीच्या काही गोळ्या नाकाबरोबर घसाही सुकवतात, हेही लक्षात असू द्यावे.

आणि सर्वांत मोठा उपचार, ज्याला एक पैसा लागत नाही आणि म्हणूनच कोणी करत नाही, तो म्हणजे गप्प बसणे. दोन-तीन दिवस. पाय मुरगळला तर आपण तो टेकत नाही. आवाज मुरगळला की मात्र दर तासाला 'आला का बघू' म्हणून बोलून पाहतो. काही जण कुजबुजतात आणि समजतात की आपण विश्रांती देत आहोत. कुजबुजताना पुष्कळ लोक गळ्याचे स्नायू आवळतात, त्याने ताण वाढतो, म्हणून डॉक्टर कुजबुजू नका असेच सांगतात. बोलणे अगदी भागच असेल तर हातभर अंतरावरच्या माणसाशी, हळू पण साध्या आवाजात, दोन शब्दांत बोलावे. खाकरणेही तसेच वाईट. खाकरताना दोन्ही घड्या एकमेकींवर जोराने घासतात. खाकरावेसे वाटले की एक घोट पाणी गिळावे.

इगतपुरीला दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला जाऊन आलेले सभासद इथे आहेत. कित्येक दिवस न बोलता माणूस राहू शकतो हे त्यांनी अनुभवले आहे. तिथे खाणाखुणांनाही मनाई असते. आपल्याला इथे तेवढी कडक शिस्त नको, खुणा करा, मोबाईलवर लिहून दाखवा, चिठ्ठ्या लिहा. फ्रान्झ काफ्का या मोठ्या लेखकाला शेवटच्या आजारात डॉक्टरांनी बोलण्यास मनाई केली होती, तेव्हा तो चिठ्ठ्या लिहूनच संवाद साधत असे. १९२४ साली तो गेला. त्याचा आजार होता स्वरयंत्राचा क्षयरोग. क्षयरोग आपल्याकडून अजून गेलेला नाही. आवाज बसण्याबरोबर दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, बारीक ताप येत असेल, वजन घटत असेल, तर काढे बाजूला ठेवून थुंकीची तपासणी करावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते आणि औषधेही मोफत मिळतात.

आता विडीकडे येतो.

माझे थोरले मामा गिरणीच्या साचेखात्यात होते. शेकडो मागांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाला हाक मारायची तर ओरडूनच मारावी लागे. शिवाय दिवसाला एक बंडल विड्या. गिरणी सुटल्यावरही विडी सुटली नाही. एका पावसाळ्यात त्यांचा आवाज बसला. दुखत नव्हते, ताप नव्हता, जेवण व्यवस्थित होते. ज्येष्ठमध झाले, गुळण्या झाल्या, गावाकडून आणलेला अडुळशाचा काढा झाला. 'साच्यातला जुना घसा आहे, असाच राहायचा,' असे म्हणत सात महिने गेले. मग जिना चढताना श्वासाला आवाज येऊ लागला तेव्हा तपासणी झाली. संपूर्ण स्वरयंत्र काढावे लागले. आज ते गळ्यावरच्या भोकातून श्वास घेतात. फोन केला तर तिकडून रिसीव्हरवर बोटाने दोनदा टकटक करतात, म्हणजे ऐकतो आहे, बोल. घरात कोणाला बोलवायचे तर स्टीलचा पेला कठड्यावर वाजवतात.

दुखत नव्हते, ही यातली मुख्य गोष्ट आहे. स्वरतंतूवर उगवलेला कर्करोग सुरुवातीला दुखत नाही, तो फक्त आवाज बदलतो. दुसऱ्या अवयवांचे कर्करोग पुष्कळदा आत लपून वाढतात. हा मात्र अगदी लहान असतानाच ओरडून सांगतो, कारण त्या इवल्याशा घडीवर मोहरीएवढी गाठ आली तरी स्वर बिघडतो. त्या अवस्थेत सापडला तर किरणोपचाराने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने दहातले आठ-नऊ रुग्ण बरे होतात, आणि त्यांचा आवाजही बहुधा राहतो. म्हणजे निसर्गाने दिलेली घंटा वाजत असते आणि आपण तिला काढा पाजत असतो.

राजेरजवाड्यांचीही यातून सुटका झालेली नाही. जर्मनीचा तिसरा फ्रेडरिक युवराज असताना १८८७ च्या जानेवारीत त्याचा आवाज घोगरा झाला. युरोपातले नामवंत डॉक्टर जमले, कर्करोग आहे की नाही यावर त्यांचा वाद होत राहिला आणि वेळ गेला. मार्च १८८८ मध्ये तो सम्राट झाला तेव्हा त्याला बोलता येत नव्हते. ९९ दिवस राज्य करून १५ जून १८८८ रोजी तो वारला. त्या काळी डॉक्टरांच्या हातात साधने कमी होती. आज ती आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणीही आहेत.

म्हणून घरगुती उपचारांना मुदत घालावी. आमच्याकडे मुदत ठेवीच्या पावतीवर तारीख असते, तशी कॅलेंडरवर आवाज बसल्याची तारीख लिहून ठेवावी. तीन आठवडे झाले आणि आवाज पूर्ववत नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे. विडी, सिगारेट, तंबाखू, दारू यांपैकी काही चालू असेल तर त्याहून एक दिवसही थांबू नये. काही बाबतीत तर तीन आठवडेही नाहीत. गिळताना त्रास, थुंकीत रक्त, मानेला गाठ, श्वास घेताना आवाज, यातले काहीही असेल तर लगेच निघावे. लहान मूल श्वास आत घेताना घर्रघर्र आवाज करत असेल, लाळ गिळू शकत नसेल, तर रात्र असली तरी थेट रुग्णालय गाठावे. आणि गाताना वा ओरडताना एका क्षणात आवाज तुटला, तर तिथेच थांबावे, कारण स्वरतंतूतली बारीक रक्तवाहिनी फुटलेली असू शकते. अशा वेळी 'एवढा कार्यक्रम होऊ दे, इंजेक्शन घेऊन गातो' असे म्हणणाऱ्याला आयोजकांनीच खाली बसवले पाहिजे. आपले मंडळी उलट टाळ्या वाजवून आणखी एका गाण्याची फर्माईश करतात.

तपासणीची भीती बाळगण्याचे कारण नाही, म्हणून ती कशी होते तेही सांगतो. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून आत जायचे. आवाज कोणत्या तारखेपासून बसला ते सांगायचे, कोणती औषधे चालू आहेत ते सांगायचे, आणि दिवसाला किती विड्या हे विचारले तर खरा आकडा सांगायचा, बायको शेजारी असली तरी. मग डॉक्टर जीभ धरून मागे आरसा नेतात, गार्सियांनी नेला होता तसाच. किंवा नाकात सुन्न करणारे औषध मारून बारीक दुर्बीण आत सोडतात. थोडी उबळ येते, डोळ्यांत पाणी येते, काही मिनिटांत सगळे संपते. दुर्बीण आत असताना ते 'ई' म्हणायला सांगतात, म्हणजे दोन्ही घड्या जवळ येतात आणि त्यांना नीट दिसतात. आपल्याला तेवढा एक लांबलचक 'ई' म्हणायचा असतो.